एक गल्ली, दोन डिजिटल: पैसा नेमका कुठून आला हे बघायचं कसं?

टॉवेलवाली_हिशेबनीस

नमस्कार मंडळी. मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते. टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिते, त्यामुळं कुठं जमा दिसली की खर्चाची बाजू शोधायची खोड आहे. राजकारणाशी माझा संबंध मत देण्यापुरता.

आमची गल्ली एका टोकाला मोठ्या रस्त्याला लागते, दुसऱ्या टोकाला मारुतीच्या देवळाच्या भिंतीशी संपते. गेल्या पावसाळ्यानंतर ती काँक्रीटची झाली. काम बरं झालंय, उगाच खोटं कशाला बोलू. आधी शहाबादी फरशी होती. पावसात फरशीवर पाय पडला की खालून पिचकारी उडायची आणि कारखान्यात पोचेपर्यंत साडी गुडघ्यापर्यंत चिखलाची.

महापालिकेच्या निवडणुकीची आचारसंहिता लागायच्या आधी रस्त्याच्या तोंडाला एक डिजिटल लागलं. (बाहेरगावच्यांसाठी: आमच्याकडं फ्लेक्सला डिजिटल म्हणतात.) त्यावर एका माजी नगरसेवकांचा हात जोडलेला फोटो, वर सात-आठ नेत्यांची मुंडकी आणि मजकूर: ‘यांच्या विशेष प्रयत्नातून, आमदार स्थानिक विकास निधीतून, अंतर्गत रस्ता काँक्रीट करणे, रक्कम रु. १० लाख’. आठ दिवसांनी देवळाकडच्या टोकाला दुसरं लागलं. फोटो वेगळा, एका युवा नेत्याचा. मजकूर जवळजवळ तोच, फक्त निधी ‘जिल्हा नियोजन समिती’चा. रक्कम पुन्हा १० लाख.

रस्ता एकच. ओतला एकदाच, चार दिवसांत, एकाच मिक्सरनं. मी रोज तिथूनच जाते.

आमचे सासरे, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, तीस वर्षं मागावर होते. कापड मोजायची सवय अजून गेलेली नाही. त्यांनी शेजारच्या गवंड्याकडून ३० मीटरचा टेप आणला आणि पहाटे रहदारी नसताना आम्ही दोघांनी गल्ली मोजली. ११२ मीटर भरली. रुंदी कुठं साडेतीन, कुठं जरा कमी.

मी दोन्ही ठिकाणी जाऊन विचारलं. माजी नगरसेवकांच्या कार्यालयातला मुलगा म्हणाला, ‘ताई, काम झालं ना? मग?’ दुसरीकडं म्हणाले, ‘आमचंच काम आहे, ते उगाच श्रेय घेतात.’ सरकारी कार्यालयातल्या एका टेबलावर विचारलं तर ‘लेखी द्या’ म्हणाले. लेखी काय द्यायचं, कुणाला द्यायचं आणि त्यात नेमकं मागायचं काय? कुणाला माहीत असेल तर सांगा.

---

पार्क_चौकातला_बाळ्या

काय ताई, उगं कशाला डोस्क्याला ताप करून घेऊलालाव. रस्ता झाला हे काय कमी हाय काय? आमच्याकडं तर डिजिटल लागून वर्ष झालं, रस्ताच आलेला नाही. नारळ तेवढा फुटला. खोबरं पण कार्यकर्त्यानीच खाल्लं.

आणि नेत्याचं शपथपत्र वाचून बघा एकदा, निवडणूक आयोगाच्या साईटवर असतंय. व्यवसाय: शेती व व्यापार. कसली शेती अन् कसला व्यापार, ते वाचणाऱ्यानं ओळखायचं.

---

निवृत्त_शाखा_अभियंता

ताई, तुम्ही टेप लावलात तिथंच अर्धं काम झालं. मी नोकरीत बरीच वर्षं हीच कामं केली. सोलापुरात नाही, शेजारच्या जिल्ह्यात. पण कागद सगळीकडं सारखेच. जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर मधलं सोडा.

‘विशेष प्रयत्नातून’ या नावाचं लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचं खातं, सरकारी वहीत नाही. आमदाराला वर्षाला पाच कोटींचा स्थानिक विकास निधी असतो, पण तो त्याच्या खिशात येत नाही. आमदार शिफारसपत्र देतो. प्रशासकीय मान्यता जिल्हाधिकाऱ्यांकडून, म्हणजे जिल्हा नियोजन कार्यालयातून निघते आणि काम करतो कुठला तरी कार्यान्वयन विभाग. जिल्हा नियोजन समितीचं तसंच. तिच्या अध्यक्षपदी पालकमंत्री असतात. पण सुरुवात जिथं होते ते कार्यालय एकच. तुमच्या दोन्ही डिजिटलचा उगम एकाच इमारतीत सापडेल, शोध सोपा आहे.

गंमत अशी की डिजिटलवर नेत्याचं नाव फूटभर उंच, आणि फाईलीत त्याचं नाव फक्त त्या एका शिफारसपत्रावर. अंदाजपत्रकावर त्याची सही नाही, कार्यारंभ आदेशावर नाही, मोजमाप पुस्तकावर तर नाहीच. तिथं सही माझ्यासारख्याची. रस्ता चांगला झाला की साहेबांचा, उखडला की ‘अभियंत्याची चौकशी करा’. हे मी भोगलंय म्हणून लिहितो, दुखणं समजून सोडून द्या.

आता मागायचं काय. ‘का’ विचारू नका. ‘एकाच रस्त्याला दोन निधी का?’ असं लिहिलंत तर ‘प्रश्नार्थक माहिती देता येत नाही’ एवढंच उत्तर येईल, आणि ते कायद्याला धरून असेल. माहिती अधिकारात दप्तरी असलेला कागद मिळतो, खुलासा मिळत नाही. म्हणून कागदाचं नाव घ्या. गल्लीचं नाव लिहून एवढंच मागा: शिफारसपत्र, प्रशासकीय मान्यता, अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तकाची संबंधित पानं, अंतिम देयक, पूर्णत्वाचा दाखला आणि कामाची छायाचित्रं. दोन कामं आहेत म्हणून दोन वेगळे अर्ज. आपल्या राज्याच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द, त्यावर अर्ज अडवतात.

अर्जाला जोडपत्र ‘अ’ चा नमुना, वर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. अर्ज जिल्हा नियोजन कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावानं. चुकीच्या दारात गेला तरी घाबरू नका. कलम ६(३) प्रमाणं पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायची जबाबदारी त्यांची. उत्तराला ३० दिवस. छायाप्रत दोन रुपये पान. मुदत उलटली तर कागद फुकट, हे कलम ७(६) मध्ये आहे, बहुतेकांना माहीत नसतं.

आणि अर्जाच्या शेवटी एक ओळ जरूर घाला: ‘मूळ अभिलेखाची पाहणी करू इच्छिते.’ पाहणीला पहिला तास पैसे पडत नाहीत. झेरॉक्समध्ये खाडाखोड दिसत नाही, मूळ पानावर दिसते.

मोजमाप पुस्तक म्हणजे आमच्या भाषेत एमबी. त्यात लांबी, रुंदी आणि जाडी असते, आणि गुणाकार. तुमच्या गल्लीला, समजा, १५ सेंटिमीटर जाडी धरली तर ११२ × ३.५ × ०.१५ म्हणजे ५८.८ घनमीटर काँक्रीट. दोन्ही एमबींतली बेरीज याच्या आसपास आली तर वाद फक्त श्रेयाचा. अर्धा रस्ता याचा, अर्धा त्याचा, आणि असं खरंच होतं. एका निधीत पूर्ण लांबी बसत नाही म्हणून उरलेली दुसऱ्यात टाकतात, ठेकेदारही एकच येतो. त्यामुळं आधीच चोर म्हणू नका. बेरीज जास्त आली तर मग बघू.

---

सोळा_नंबरची_वहिनी

मी दुसरी बाजू सांगते, आवडणार नाही कदाचित. आमच्या घरात एक टर्म नगरसेवकपद होतं. पक्ष आणि प्रभाग विचारू नका. (नावातला सोळा घराचा नंबर आहे.)

सकाळी सहाला दार वाजायचं. गटार तुंबलं, दिवा गेला, पोराला दाखला पाहिजे, पाणी पाचव्या दिवशी यायचं ते सहाव्याही दिवशी आलं नाही. उजनीपासून शंभर किलोमीटरवरून येणारं पाणी आम्ही काय बादलीनं आणणार? पण दार आमचंच. लग्नात आहेर, मयताला गाडी, गणपतीला वर्गणी. पाच वर्षांत एक माणूस असा आला नाही की ज्यानं विचारलं, वहिनी, प्रभागाला यंदा किती पैसे आले आणि कुठं गेले? एकही नाही. विचारलं असतं तर आमचे हे कागद घेऊन बसले असते असं मी म्हणत नाही. पण निदान कागद घरात ठेवायची सवय लागली असती.

आणि डिजिटल का लावतात? कारण लावलं नाही तर लोक म्हणतात, काहीच केलं नाही. आमच्या सासूबाईंनी एका निवडणुकीला डिजिटल लावू दिलं नाही, झाडाला दोरी बांधतात म्हणून. समोरच्यानं त्याच रस्त्यावर स्वतःचं लावलं, जो आमच्या पत्रावर झाला होता! लोकांनी त्याला हार घातला.

आता तर एका प्रभागात चार नगरसेवक. एक गटार तुंबलं तर चौघांत ते कुणाचं? प्रत्येक जण बाकीच्या तिघांकडं बोट दाखवतो. आणि त्याआधी २०२२ च्या मार्चमध्ये मुदत संपल्यावर जवळजवळ चार वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. तेव्हा तर विचारायला दार पण नव्हतं. ताई, तुमचा रस्ता त्याच काळातला ना? मग त्यावर फोटो असलेला माणूस त्या दिवशी कुठल्याच पदावर नव्हता, एवढं लक्षात घ्या.

---

पार्क_चौकातला_बाळ्या

वहिनी, हे बाकी पटलं. आमच्यात पण वाढदिवसाचं डिजिटल लावणाऱ्याला ‘भावी’ म्हणतेत. दहा वर्षं झाली, भावीच हाय.

---

टॉवेलवाली_हिशेबनीस

सगळ्यांचे आभार. अभियंता साहेबांनी सांगितलं तसे दोन अर्ज टाकले. काय काय झालं ते लिहिते, उशीर झाला त्याबद्दल माफी. मार्चअखेर होती, कारखान्यात श्वास घ्यायला वेळ नव्हता.

कार्यालय कुठलं, टेबल कुठलं ते लिहीत नाही. पहिल्या अर्जाला २७ व्या दिवशी उत्तर आलं: माहिती विस्तृत आहे, कार्यालयीन वेळेत येऊन पाहावी. म्हणजे मी मागितलेलीच पाहणी त्यांनी मला नकार म्हणून दिली! दुसऱ्याला उत्तरच नाही. दरम्यान दोन मुलं घरी आली, चांगली बोलली, अण्णांच्या पाया पडली. ‘साहेबांनी विचारलंय, काही अडचण आहे का.’ अण्णा म्हणाले, अडचण काही नाही, सून हिशेब शिकते आहे. चहा पिऊन गेली. मला मात्र रात्री झोप लागली नाही, हे पण लिहून ठेवते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल बाई फार धीट.

पाहणीला अण्णांना बरोबर नेलं. दोन्ही कामांच्या फायली तिथंच बघायला मिळाल्या. तिथल्या कारकून बाईंनी आधी ‘ठेकेदाराची माहिती त्रयस्थ पक्षाची आहे’ म्हणून देयक बाजूला ठेवलं. मी म्हटलं, बँकेचा खाते नंबर झाका, बाकी दाखवा. असं म्हणायचं मला आधी कारखान्यातल्या एका वकिलाच्या मुलीनं शिकवलं होतं. बाई आत जाऊन विचारून आल्या. दाखवलं. एक सांगते, त्या बाई वाईट नव्हत्या. त्यांच्या टेबलावर फायलींचा ढीग माझ्या डोक्याच्या वर होता आणि पंखा फक्त साहेबांच्या केबिनला.

आता आकडे. पहिल्या कामाची एमबी: लांबी ७० मीटर. दुसऱ्या कामाची: ७५ मीटर. रुंदी दोन्हीकडं ३.५, जाडी दोन्हीकडं ०.१५. दुसऱ्या पानावर ७५ मधल्या सातावर आधी काहीतरी वेगळं लिहून गिरवलंय. साहेब, तुमचं म्हणणं खरं, हे झेरॉक्समध्ये दिसलं नसतं.

७० आणि ७५ मिळून १४५. आमची गल्ली ११२. उरलेले ३३ मीटर गेले कुठं? अण्णांनी तिथंच मोठ्यानं विचारलं, ‘म्हणजे रस्ता मारुतीच्या गाभाऱ्यातून पलीकडं गेला का?’ शेजारच्या टेबलावरचे दोघं हसले.

आणखी एक. दोन्ही फायलींत काम झाल्याचा फोटो आहे. दोन्हीत डाव्या बाजूला भिंतीला एक सायकल टेकलेली, मागच्या चाकाला मडगार्ड नाही. ती अण्णांची. एकच सावली, एकच सायकल, दोन कामं.

साहेब, आता पुढं काय?

---

निवृत्त_शाखा_अभियंता

थांबा. आनंद करण्याआधी एक शंका. तुमच्या गल्लीला मधे एखादा बोळ फुटतो का? अंदाजपत्रकात बऱ्याचदा ‘गल्ली व लगतचा बोळ’ असं धरतात आणि डिजिटलवर फक्त गल्ली लिहितात. अपिलात पहिला मुद्दा तो हाच काढतील, आणि तुम्ही तोंडावर पडाल. कामाचं पूर्ण नाव मान्यतेच्या पत्रात काय आहे ते बघा.

---

टॉवेलवाली_हिशेबनीस

बोळ आहे! तुम्ही सांगेपर्यंत माझ्या डोक्यातच आलं नाही. डाव्या हाताला, १९ मीटर. दुसऱ्या कामाच्या मान्यतेत ‘व लगतचा बोळ’ असं लिहिलंय, तुम्ही म्हणता तसंच. म्हणजे ११२ अधिक १९, १३१. तरी १४ मीटर जास्तच आहेत.

पण साहेब, त्या बोळात काँक्रीट ओतलंच नाही. तिथं अजून जुनी शहाबादी आहे. आमच्याकडं धुण्याला येणाऱ्या मावशी तिथंच राहतात. काल त्यांना विचारलं तर म्हणाल्या, ‘आमच्याकडं कोण टाकतंय बाई, आमचं डिजिटल कुठं लावणार, भिंतच नाही.’

---

निवृत्त_शाखा_अभियंता

मग प्रकरण पक्कं. म्हणजे चोरी पक्की असं नव्हे, प्रश्न पक्का.

ज्या अर्जाला उत्तर नाही त्यावर प्रथम अपील करा. ३० दिवसांची मुदत संपली त्या तारखेपासून पुढच्या ३० दिवसांत, जोडपत्र ‘ब’, २० रुपयांचा स्टॅम्प. तिथं नाही झालं तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडं द्वितीय अपील. माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० आणि जास्तीत जास्त २५ हजार दंडाची तरतूद आहे. पण त्या आशेवर बसू नका, आयोगाची तारीख यायला फार वेळ जातो.

त्याच वेळी दुसरं दार वाजवा. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकाऱ्यांचा लोकशाही दिन, म्हणजे लोकांची गाऱ्हाणी ऐकायचा दिवस असतो. अर्ज १५ दिवस आधी द्यायचा, विहित नमुन्यात, वैयक्तिक गाऱ्हाण्याचा. माहिती अधिकाराचं अपील तिथं घेत नाहीत, म्हणून त्यात ‘माहिती मिळाली नाही’ असं लिहू नका. अर्ज मावशींच्या नावानं द्या: आमच्या बोळाचं काम कागदावर पूर्ण आहे, जागेवर झालेलं नाही, संयुक्त मोजणी करावी. बस. नेत्याचं नाव नाही, निधीचं नाव नाही, आरोप नाही. एमबीच्या पानाची प्रत आणि बोळाचा फोटो जोडा. फोटोत त्या दिवशीचं वर्तमानपत्र धरा.

संयुक्त मोजणी म्हटलं की कनिष्ठ अभियंत्याला टेप घेऊन यावंच लागतं. एकदा सरकारी टेप त्या गल्लीत पडला की पुढचं आपोआप सरकतं.

---

सोळा_नंबरची_वहिनी

आणि चारही नवीन नगरसेवकांना एकेक प्रत द्या, पोच घेऊन. चौघांनाही. एकाला दिली तर तो म्हणेल विरोधकाचं काम आहे. चौघांना दिली की प्रत्येकाला वाटतं, बाकीच्या तिघांतल्या कुणी उचललं तर आपण मागं राहू. मी घरात बघितलंय, पोचपावतीला माणूस जितका घाबरतो तितका मोर्चाला घाबरत नाही.

---

टॉवेलवाली_हिशेबनीस

ताजी खबर. चौघांना प्रती दिल्या. तिघांनी शिक्का मारून दिला, एक म्हणाले ठेवून जा, मी बसून राहिले, मग मारला. परवा रात्री देवळाकडचं डिजिटल कुणीतरी काढून नेलं. बांबू तेवढे राहिलेत, मावशींनी ते कपडे वाळत घालायला घेतले. रस्त्याच्या तोंडाचं अजून आहे, पण रकमेवर कुणी कागद चिकटवलाय.

लोकशाही दिनाचा अर्ज मावशींनी अंगठा न लावता सही करून दिला, रात्रशाळेत शिकल्या होत्या म्हणे. संयुक्त मोजणीसाठी पुढच्या गुरुवारी येतो असा फोन आलाय. अण्णांनी गवंड्याचा टेप परत केलेला नाही.

---

निवृत्त_शाखा_अभियंता

उत्तम. गुरुवारी पंचनाम्यावर सही करायच्या आधी आकडे स्वतः वाचा, कोरी जागा राहिली असेल तर त्यावर रेघ मारायला लावा. आणि एक विचारायचं राहिलं. तुम्ही ११२ मोजलेत ते देवळाच्या पायरीपासून की भिंतीपासून?

---

टॉवेलवाली_हिशेबनीस

पायरीपासून. तुमचं वाचून आज पहाटे परत मोजलं. भिंतीपासून धरलं तर ११२ मीटर आणि ६० सेंटिमीटर. अण्णा म्हणतात, ते ६० सेंटिमीटर त्यांना देऊन टाका.